नोकरी आणि घर सांभाळून तेरा लाख रामनाम : माझा अनुभव

यंदा रामनवमीच्या थोडं आधी माझा तेरा लाखांचा जप पूर्ण झाला. श्रीराम जय राम जय जय राम, हाच मंत्र, रोज तेरा माळा, तीन वर्षांच्या आसपास लागली. ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारत असतात की वेळ कुठून काढलास, सोवळं पाळावं लागतं का, चार दिवसांचं काय करायचं, मन लागतं का खरंच, आणि प्रत्येकीला अर्धवट काहीतरी सांगितलं जातं म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय.

आम्ही नाशिकला, उपनगर नावाच्या भागात राहतो. मी अंबड एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली, घराचे हप्ते चालू, मुलगा बारावीला, सासरे हार्ट पेशंट. दिवसभर कामात निघून जायचा पण रात्री अडीच-तीनला टक्क जाग यायची आणि मग हप्ते, फी, औषधं हेच डोक्यात गरगरायचं ते उजाडेपर्यंत. माझी मोठी नणंद पंचवटीत राहते, ती लग्न होऊन तिथे गेल्यापासून रोज गंगेवर जाणारी (बाहेरच्यांसाठी सांगते, नाशिकात गोदावरीला गंगाच म्हणतात). तिला हे सांगितलं तर म्हणाली, "अगं, जागीच असतेस ना, मग पडल्या पडल्या रामाचं नाव घे. झोप आली तर आली, नाही आली तर नाव तरी झालं." मी म्हटलं, ताई, तुम्ही एवढं वर्षानुवर्षं करताय, मला जमेल का. तर म्हणे, "जमायचं काय त्यात? जीभ आहे ना तोंडात!"

सुरुवात एवढीच. अंथरुणात, विनामाळेचं, मोजदाद नाही. काही दिवसांत झोप सुधारली असं मी सांगणार नाही, जाग यायचीच, पण जाग आल्यावरची ती धडधड कमी झाली. आपण जागे आहोत आणि काहीतरी चांगलं चाललंय असं वाटायला लागलं.

मग एका शनिवारी ताईंबरोबर टाकळीला गेले. आमच्या घरापासून टाकळी गाडीवर किती लांब, काहीच नाही, आणि इतकी वर्षं नाशिकात राहून मी तिथे धड कधी थांबले नव्हते. हे समर्थ रामदासांचं तपाचं ठिकाण. लग्नाच्या बोहल्यावरून निघाले आणि 1620 च्या सुमारास इथे आले, तेव्हा वय बारा. नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर पहाटेपासून दुपारपर्यंत पाण्यात उभं राहून जप, मग पंचवटीत माधुकरी, असं बारा वर्षं. हाच तेरा अक्षरी मंत्र त्यांनी तेरा कोटी जपला असं परंपरा सांगते. इथला मारुती गोमयाचा, म्हणजे गाईच्या शेणाचा, त्यांनी स्वतः घडवलेला, आणि दसकच्या कुलकर्ण्यांचा मुलगा उद्धव, त्यांचा पहिला शिष्य, त्याला हा मठ सोपवून ते पुढे तीर्थाटनाला गेले. ती नंदिनी म्हणजे आपली नासर्डी. आज तिच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं, आता सिंहस्थाच्या नावाने एवढी कामं निघालीत तर ह्या नदीचंही काहीतरी व्हावं.

अकाउंट्सची सवय, त्यामुळे घरी आल्यावर मी कॅल्क्युलेटर घेतला. तेरा कोटी भागिले बारा वर्षं, म्हणजे दिवसाला तीस हजारांच्या जवळपास. मिनिटाला चाळीस धरले तरी रोज बारा तासांच्या वर. एका पोरसवदा मुलाने, त्यातला दुपारपर्यंतचा वाहत्या पाण्यात. तो आकडा स्क्रीनवर बघितला आणि अंगावर काटा आला, ऐकीव गोष्ट म्हणून इतकी वर्षं कानावरून गेलेलं ते त्या दिवशी खरं वाटलं.

मंत्राची जितकी अक्षरं तितके लाख जप म्हणजे एक पुरश्चरण असा हिशोब असतो, गायत्रीची चोवीस अक्षरं म्हणून चोवीस लाख, ह्याची तेरा म्हणून तेरा लाख. ताई म्हणाल्या तेवढं घे, झेपेल. रोज तेरा माळा. माळेत मणी एकशे आठ पण धरायचे शंभरच, वरचे आठ चुकलेमाकलेले, म्हणजे रोज तेराशे आणि हजार दिवसांत तेरा लाख. एका चांगल्या दिवशी आंघोळ करून देवापुढे बसले, पळीभर पाणी हातावर घेतलं आणि साध्या मराठीत संकल्प सोडला. काही मागितलं नाही. ताईंनी आधीच बजावलं होतं की नोकरी लागू दे, हे होऊ दे, ते होऊ दे असलं काही त्यात घालू नकोस, नाहीतर रोज माळ ओढताना नजर तिकडेच राहते.

आता प्रत्यक्ष कसं ते. माळ तुळशीची, उजव्या हातात, मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट दिशेने परत सुरू. गोमुखी, म्हणजे माळेसकट हात घालायची कापडी पिशवी, असली तर बरं, नाहीतर पदराखाली किंवा रुमालाखाली हात. एका माळेला मला चार मिनिटांच्या आत-बाहेर लागतात, म्हणजे तेरा माळांना पाऊण तास ते एक तास. हा तास सलग मिळणार नाही हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. मग वाटणी केली, पहाटे उठल्यावर देवापुढे सहा माळा, ह्या मात्र बसूनच, आणि उरलेल्या कंपनीच्या बसमध्ये जाता-येता. द्वारकेच्या सिग्नलला आमची बस जी अडकते ती अडकते, आधी त्या ट्रॅफिकने जीव नकोसा व्हायचा, पुढे पुढे तीच माझी जपाची जागा झाली. बसमध्ये माळ काढायला संकोच वाटायचा म्हणून बोटात घालायचा तो छोटा काउंटर घेतला, बटण दाबलं की आकडा पुढे. काही जण म्हणतात हे असलं चालत नाही. मला वाटतं माळ काय आणि काउंटर काय, दोन्ही आपल्यासाठी, रामाला हिशोब लागत नाही. पण सकाळच्या सहा माळा तुळशीच्याच, कारण मण्याचा तो स्पर्श बोटाला कळायला लागला की डोळे मिटलेले असले तरी भान सुटत नाही.

जप मोठ्याने केला तो वाचिक, ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू येत नाही तो उपांशु, आणि नुसता मनातला तो मानस. शास्त्रात मानस श्रेष्ठ सांगितलाय म्हणून नवीन माणसाने एकदम मनातल्या मनात करायला जाऊ नये, हे मी अगदी ठामपणे सांगेन. मनातल्या मनात करायला बसलं की दुसऱ्या मिनिटाला आपण भाजीच्या यादीवर असतो. मी पहिलं वर्षभर सकाळी पुटपुटूनच केला. आवाज कानावर पडला की मन भटकलं तरी जीभ त्याला ओढून आणते.

आणि मन भटकतंच, त्याचं दडपण घेऊ नका. सुरुवातीचे दिवस उत्साहाचे जातात, नंतर पेंग यायला लागते, मान पुढे जाते, तेव्हा उठून डोळ्यांवर पाणी मारायचं आणि उभ्याने माळ करायची. त्याच्या पुढचा काळ सगळ्यात अवघड, कोरडा. काहीच वाटत नाही, प्रेम नाही, शांती नाही, नुसतं तोंड चालतंय, आणि आतून प्रश्न येतो की हे करतेय कशाला. माझा हा काळ पूर्ण पावसाळाभर चालला. ताईंना फोन केला तर म्हणाल्या, "तू वाटण्यासाठी बसतेस का नामासाठी? वाटेल तेव्हा वाटेल. तू आपली बस." त्या पावसाळ्यात गंगेला पूर आला होता, दुतोंड्या मारुतीच्या (नदीतली मूर्ती, पूर किती आला ते तिच्यावरूनच सांगतात) छातीपर्यंत पाणी, गाव सगळं पूर बघायला पुलावर, आणि ताईंनी त्या दिवशीसुद्धा घरात बसून आपला जप पूर्ण केला. त्यांना कधी काही वाटेनासं झालं असेल का हे मी विचारलं नाही, पण त्या बसतात हे बघूनच मी बसत राहिले.

त्यानंतर कधी कसं काय माहीत नाही, कणीक मळताना, कुकरची शिट्टी मोजताना, कंपनीत जीएसटीचे आकडे जुळवताना मध्येच लक्षात यायचं की आत मंत्र चालूच आहे, मी सुरू केलेला नाही. फार वेळ टिकत नाही ते, बघायला गेलं की थांबतं. पण पहिल्यांदा कळलं तेव्हा पोळपाटाशी उभ्या उभ्या डोळे भरून आले.

दुसऱ्या वर्षी दादांना, म्हणजे सासऱ्यांना, रात्री छातीत दुखायला लागलं. धावतपळत हॉस्पिटल, आयसीयू, आम्ही बाहेर बाकावर. माळ घरी, काउंटर पर्समध्ये आणि पर्स घरी. तेव्हा करमाळ कामाला आली, ताईंनी खूप आधी शिकवून ठेवलेली. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरावर एक, खालच्या पेरावर दोन, मग करंगळी खालून वर तीन चार पाच, अनामिकेचं टोक सहा, मधल्या बोटाचं टोक सात, तर्जनीचं टोक आठ आणि तिथून खाली नऊ, दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं सोडायची, तो मेरू. असे दहा झाले की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं. रात्रभर अंगठा त्या पेरांवरून फिरत होता. भीती गेली नव्हती, हात गार पडले होते, पण दहा झाले की परत एक हे ठरलेलं होतं आणि त्या ठरलेल्याला धरून सकाळ झाली. दादांना डॉक्टरांनी बरं केलं, अँजिओप्लास्टीने, ते श्रेय मी जपाला देणार नाही. मला त्या बाकावर बसवून ठेवलं ते मात्र रामाने.

माझा मुलगा असल्या गोष्टींना प्रूफ मागणारा. त्यानेच शोधून दाखवलं की 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, तेवीस माणसांवरचा. ख्रिश्चन लोकांची रोझरी आणि तिबेटी लोकांचा ओम मणि पद्मे मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारते. मला ते पटलं, कारण हळू म्हटलं की श्वास लांबतो हे मी रोज बघत होते. पण बीपीसाठी म्हणून जप करावा असं मला वाटत नाही, त्यासाठी गोळी आहे.

आता चार दिवसांचं. ह्यावर मी फार ऐकून घेतलंय. माझं उत्तर, नाम बंद करायचं नाही. ज्यांनी गुरूकडून बीजमंत्राची दीक्षा घेतलीय त्यांनी गुरू सांगतील तसं करावं, त्यांचे नियम वेगळे. पण रामनामाला दीक्षा नको, सोवळं नको, वेळकाळ नको, गोंदवलेकर महाराजांनी हाच तेरा अक्षरी मंत्र घरोघरी, बायाबापड्यांना दिला. मी त्या दिवसांत ताईंच्या मनाला बरं वाटावं म्हणून देवापुढे बसत नव्हते, पण जप चालू आणि मोजणीतसुद्धा धरलेला. आपल्याच नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, वर्षानुवर्षं चालला, माणसांना रामापर्यंत जाऊ दिलं नाही. ते आठवलं की मला कोण नाम घेऊ शकतं आणि कोण नाही असल्या चर्चेत पडवतच नाही. तसंच ते उच्चार चुकला तर उलटं फळ मिळतं म्हणून घाबरवणारे व्हिडिओ आणि अमुक हजारांत सिद्ध केलेली माळ विकणारे, दोघांपासून लांब राहा. मलाही एकाने अशी माळ देऊ केली होती, मी हात जोडले आणि निघून आले.

ह्यांना मध्यंतरी सिन्नरला काम लागलं, पगार आधीपेक्षा कमी आहे, हप्ते चालू आहेत. तीनला जाग अजून येते कधीकधी.

संकल्प पुरा झाला त्या दिवशी ताईंबरोबर टाकळीला गेले, मारुतीला तेल, रुईच्या पानांची माळ, आणि शेवटची माळ तिथेच बसून केली. घरी गोडाचा शिरा. दुसऱ्या दिवशी पहाटे परत बसले, आता संकल्प नाही, सकाळच्या सहा माळा तेवढ्या ठेवल्यात आणि बाकी चालेल तसं.

परवा माझ्या वहिनीचा फोन होता, तिलाही सुरू करायचंय. तिला म्हटलं तेरा-बिरा काही नको, एक माळ, पण रोज, आणि पुटपुटून. तुळशीची माळ रामकुंडावरच्या दुकानांत मिळते, घेताना दोन मण्यांच्या मध्ये गाठ आहे का ते बघून घे, बिनगाठीची असली तर मणी एकमेकांवर घासून दोरा लवकर तुटतो आणि सगळे मणी जमिनीवर. रविवारी मीच जातेय तिच्याबरोबर माळ घ्यायला.