सहा जायंट, एक शपथ आणि छताचा प्रश्न

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळातलं ऑर्डनिंग, म्हणजे जायंटांच्या (महाकायांच्या) कुळांची उतरंड, समजायला पाच मिनिटं पुरतात. सगळ्यात वर स्टॉर्म जायंट, त्याखाली क्लाउड, मग फायर, फ्रॉस्ट, स्टोन आणि तळाला हिल. सर्वपिता अन्नाम आणि त्याच्या मुलांपासून आलेली ही सहा कुळं. स्ट्रॉनमाउस स्टॉर्मचा, मेम्नॉर क्लाउडचा, सर्टर फायरचा, थ्रिम फ्रॉस्टचा, स्कोरेअस स्टोनबोन्स स्टोनचा आणि ग्रोलांटॉर हिलचा. इथपर्यंत काहीच अवघड नाही. खेळ चालवणारा म्हणून मला सहाही कुळांच्या प्रमुखांनी एकत्र येऊन शपथ घ्यायचा एकच प्रसंग उभा करायचा होता, आणि त्यात "बैठक कुठे?" या एका प्रश्नाने बाकी सगळ्या तयारीपेक्षा जास्त वेळ खाल्ला. त्या प्रश्नाचा वैताग अजून गेलेला नाही. म्हणून बाकीचं भराभर सांगतो आणि जागेपाशी थांबतो.

आधी एक खुलासा. इथले सगळे आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांमधले आहेत, आणि ऑर्डनिंग शाबूत आहे असं धरलं आहे. २०१६ च्या एका अधिकृत साहसात अन्नाम ऑर्डनिंग मोडून टाकतो आणि प्रत्येक कूळ वर चढायला धडपडू लागतं. तुमचं कॅम्पेन (खेळाची सलग चालणारी कथा) त्या काळातलं असेल, तर खालचं बरंच काही उलटं होईल.

ऑर्डनिंग दोन थरांचं आहे, आणि पहिली चूक तिथेच होते. एक थर कुळाकुळांमधला, दुसरा कुळाच्या आतला. वरच्या कुळातला सगळ्यात खालचा जायंटसुद्धा खालच्या कुळाच्या प्रमुखापेक्षा वरचा असतो. म्हणजे फायर जायंटांचा साधा पहारेकरी फ्रॉस्ट जार्लपेक्षा, म्हणजे फ्रॉस्टच्या प्रमुखापेक्षा, मोठा. हे एकदा मनात ठसलं की लवाजमा आणायची हौस आपोआप जिरते. प्रत्येक प्रमुखाने दोन सोबती आणले, तर बोलण्याचा क्रम असा लागतो: तीन स्टॉर्म, तीन क्लाउड, तीन फायर, आणि तोवर जार्ल गप्प. हिल प्रमुखाची पाळी यायच्या आत खेळाडू उठून जातील. प्रत्येक कुळाचा एकच जण आत, बाकी सगळे बाहेर. यात मी सूट देत नाही.

नियमपुस्तकातलं आणखी एक वाक्य मी समोर लिहून ठेवतो. दुसऱ्या कुळाच्या जायंटचा अपमान करणं, इतकंच काय त्याला दगा देणं, हेही जायंटांच्या लेखी पाप नाही, फक्त असभ्यपणा आहे. म्हणूनच सहा कुळांची शपथ इतकी नाजूक असते. मोडणाऱ्याला लाज वाटेल, पण मन खाणार नाही. शपथ टिकवायची असेल तर ती प्रत्येकाच्या स्वतःच्या मापात बसवावी लागते, आणि ही मापं एकमेकांशी जुळत नाहीत. फ्रॉस्टमध्ये मोठेपण अंगातल्या ताकदीवर ठरतं. फायरमध्ये कारागिरी आणि युद्धातली शिस्त बघतात. स्टोनमध्ये कोरीवकाम आणि दगडफेकीचं कसब. क्लाउडमध्ये संपत्ती, तिचं प्रदर्शन आणि दिलेल्या भेटी. क्लाउड जायंट ही संपत्ती लढून मिळवत नाहीत, पैजा लावून जिंकतात. पैजेत लबाडी केली आणि पकडली गेली तरच ती लबाडी, नाहीतर ती हुशारी. स्टॉर्म जायंट आकाशातल्या आणि समुद्रातल्या खुणा वाचतात. हिलमध्ये हलता येईल इतपत जाडजूड आणि सगळ्यात उंच असेल तो प्रमुख.

आता जागा.

स्टोन जायंटांना जमिनीखालचं जगच खरं वाटतं. वर, उघड्या आकाशाखाली जे आहे ते स्वप्न. तिथे दिलेला शब्द पाळायची गरज नाही, केलेल्या अपमानाची माफी मागायची गरज नाही, कुणाला मारलं तरी अपराधी वाटायचं कारण नाही. हे वर्णन नियमपुस्तकातच आहे आणि बहुतेकजण ते रंगतदार तपशील म्हणून वाचून पुढे जातात. मीही गेलो होतो. मग माझ्या आराखड्यात सहाही प्रमुख डोंगरमाथ्यावर, विजांच्या साक्षीने शपथ घेत होते. प्रसंग देखणा होता आणि पूर्णपणे निकामी होता, कारण स्टोन जायंटने तिथे काहीही कबूल केलं तरी त्याच्या लेखी ते झोपेतलं बडबडणं. तो खोटं बोलत नसतो. त्याला विचारलं तर तो शांतपणे सांगेल की तो शब्द त्याने दिलाच नाही. खेळाडूंना हे कळलं तर चिडतील, नाही कळलं तर शपथ पोकळ राहील.

म्हणून छत हवं. मग क्लाउड जायंटच्या ढगांवरच्या किल्ल्यातलं एखादं दालन चालेल का? दोन कारणांनी नाही. छत असलं तरी ते आकाशातच आहे, आणि जमिनीच्या पोटात राहणाऱ्याला ते सगळ्यात गडद स्वप्न वाटेल. दुसरं, यजमानपद. क्लाउड जायंटच्या घरात बैठक म्हणजे त्याच्या श्रीमंतीचं प्रदर्शन, आणि मग स्टॉर्म जायंट वरच्या दर्जाचा असूनही पाहुणा ठरतो.

फायर जायंटांचा भट्टीमहाल? जमिनीखाली आहे, म्हणजे स्टोनचा प्रश्न सुटतो. इथे अनेकजण म्हणतात, फ्रॉस्ट जायंट उष्णतेत मरेल. नियमांत तसं काही नाही. पाचव्या आवृत्तीत फ्रॉस्ट जायंटला थंडीपासून पूर्ण अभय आहे, पण आगीचा दुप्पट मार त्याला बसत नाही. तो कमकुवतपणा तिसऱ्या आवृत्तीत होता आणि लोकांच्या डोक्यात तोच राहिला आहे. खरी अडचण मानाची आहे. थ्रिमच्या वंशातला जार्ल सर्टरच्या वंशजाच्या दारात जाईल तो मांडलिक म्हणूनच. उलट करून बघितलं, बैठक हिमनदीच्या पोटात ठेवली, तर वरच्या कुळाने खालच्याच्या घरी जायचं, आणि तेही थंडीपासून कसलंही अभय नसताना. फायर जायंट यायलाच तयार होणार नाही.

इथे मी किती वेळा अडलो याची मोजदाद नाही. प्रत्येक जागा पाच जणांना चालायची आणि सहाव्याला नाही, आणि तो सहावा प्रत्येक वेळी वेगळा निघायचा.

शेवटी जमली ती समुद्राकडे तोंड असलेली मोठी गुहा, अर्धी पाण्यात. स्टॉर्म जायंट पाण्यातही श्वास घेऊ शकतो आणि एका खेपेत ५० फूट पोहतो, त्यामुळे तो समुद्रातून थेट आत येतो आणि ती वाट फक्त त्याची राहते. दर्जा न बोलता दिसतो. गुहा कुणाच्याच कुळाची नाही. वर खडक आहे, त्यामुळे स्टोनचा शब्द खरा. मात्र गुहेच्या तोंडातून आकाश दिसत असेल तर? नियम याबद्दल गप्प आहेत. मी ठरवून टाकलं: स्टोन जायंट बसतो तिथून आकाश दिसलं तर तो स्वप्नात आहे. म्हणून त्याची जागा वळणाच्या आड. हा निर्णय खेळाडूंना आधी सांगू नका, पण खुणा पेरा. तो आत येताना मागे वळून बघतो, भिंतीवर हात ठेवतो, मग बोलतो. हुशार खेळाडू हे टिपतो, आणि पुढे कधी शपथेतून सुटका हवी असेल तेव्हा स्टोन जायंटला चार पावलं बाहेर नेऊन बोलायला लावतो. माझ्या मते ऑर्डनिंगचा याहून चांगला उपयोग नाही.

गुहा केवढी असावी, हे मोजून घ्या. जायंटसाठी १५ फूट बाय १५ फूट, म्हणजे नकाशावरचे पाच-पाच फुटांचे नऊ चौकोन. स्टोन जायंटच्या सोट्याची पोच १५ फूट आहे, बाकीच्यांची १०. कुणीच कुणाच्या पोचेत बसू नये असं हवं असेल तर दोघांमध्ये चार चौकोन सोडा. तिघांच्या दोन रांगा केल्या तर फक्त बसायलाच १७ बाय १० चौकोन लागतात, म्हणजे ८५ फूट बाय ५० फूट. आत यायची वाट १५ फूट रुंद ठेवा. १० फुटांच्या वाटेतून जायंट अंग चोरून येऊ शकतो, पण त्याला दुप्पट चाल लागते आणि त्याचे हल्ले डिसॲडव्हान्टेजने (दोन फाशांतला कमी आकडा धरून) होतात. असं आत आलेला प्रमुख चिडलेलाच असतो. उंची ३० फूट तरी हवी, कारण स्टॉर्म जायंट २६ फुटांचा असतो.

उंचीवरून आठवलं. क्लाउड २४, फ्रॉस्ट २१, फायर आणि स्टोन १८, हिल १६ फूट. फ्रॉस्ट फायरपेक्षा उंच आहे, तरी दर्जाने खाली. ऑर्डनिंग म्हणजे आकार नव्हे, याचा हा स्पष्ट पुरावा. पण हिल जायंटला हे कळत नाही. त्याची बुद्धी ५, आणि त्याची समज एवढीच की आपल्यापेक्षा मोठा आणि बलवान दिसेल त्याचं ऐकायचं. म्हणून माझ्या टेबलावर फायर आणि फ्रॉस्ट भांडले तर हिल जायंट जार्लच्या मागे उभा राहतो. फायर जायंटला हा अपमान वाटतो, आणि भांडण कुठून पेटलं हे खेळाडूंना शोधावं लागतं.

दोन जार्ल एकाच प्रसंगात आणू नका. अनोळखी फ्रॉस्ट जायंट भेटले आणि कोण वरचढ हे बघून ठरेना, की ते कुस्ती धरतात. बैठक तिथेच संपते.

भाषेचं खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, कारण तिथे खेळाडूंच्या पात्रांचा खोळंबा होतो. हिल, स्टोन, फ्रॉस्ट आणि फायर फक्त जायंट भाषा बोलतात. कॉमन, म्हणजे सगळ्यांची सामाईक भाषा, येते ती क्लाउड आणि स्टॉर्मला. पात्रांमध्ये कुणालाच जायंट भाषा येत नसेल तर दुभाषा कोण होणार? स्टॉर्म प्रमुख दुसऱ्याचे शब्द उच्चारायला खाली उतरणार नाही, म्हणून काम क्लाउडकडे जातं, आणि तो तर कपटी मेम्नॉरचा वंशज. त्याची इनसाइट (दुसऱ्याच्या मनातलं ओळखायचं कौशल्य) +७ आहे, म्हणजे पात्रं काय लपवतायत हे त्याला कळतं आणि तो काय गाळतोय हे पात्रांना कळत नाही. कॉम्प्रिहेन्ड लँग्वेजेस या मंत्राने तासभर समजतं, पण बोलता येत नाही. दोन्ही हवं तर टंग्ज, तिसऱ्या पातळीचा मंत्र, तोही तासभरच. बैठकीचा खेळातला वेळ मोजत राहा. पात्रांकडून माट आणि मॉग हे दोन जायंट शब्द मात्र वापरून घ्या. माट म्हणजे जे पवित्र, सन्मानाचं. मॉग म्हणजे त्याच्या उलट. पात्राने योग्य जागी माट म्हटलं तर मी पर्सुएशनच्या (मन वळवायच्या) फाशाला ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला जास्त आकडा) देतो.

ओगर, ट्रोल आणि एटिन या इतर महाकायांना बोलावू नका. त्यांचा क्रीचर टाइप जायंट आहे, जायंट स्लेयर शस्त्र त्यांच्यावर चालतं, पण या सहांच्या रांगेत त्यांना जागा नाही. त्यांच्यापैकी एकाला खुर्ची दिली की हिल प्रमुख बिथरतो, कारण त्याच्या खाली असलेलं जे थोडंफार आहे, ते तेवढंच.

सगळं फिसकटून मारामारी झाली तर? आकडे असे. एकेकाचे हिट पॉइंट (किती मार सोसेल ते) १०५, १२६, १३८, १६२, २०० आणि २३०, बेरीज ९६१. एक्सपी (हरवल्यावर मिळणारे अनुभवगुण) २८,६००, सहा शत्रूंचा गुणक २ लावला की ५७,२००. विसाव्या पातळीच्या चार पात्रांसाठी डेडली, म्हणजे जीवघेण्या लढाईची, मर्यादा ५०,८०० आहे. म्हणजे सहाही एकत्र अंगावर येऊच द्यायचे नाहीत. त्यांना एकमेकांवर सोडा, आणि त्यासाठी ऑर्डनिंग आहेच. स्टॉर्म जायंटची वीज १२डी८ (आठ बाजूंचे बारा फासे), सरासरी ५४, आणि पडते त्या जागेपासून १० फुटांच्या आत असलेल्या सगळ्यांना लागते. विजेपासून त्याला स्वतःला अभय आहे, बाजूच्यांना नाही. चार चौकोनांचं अंतर इथेही उपयोगी पडतं. जायंटांच्या आपापसातल्या लढाईत फासे टाकत बसू नका, सरासरी नुकसान लिहा आणि पात्रांकडे वळा.

बाहेरच्या कुणीतरी जायंटांना जुळवलं, हा मार्ग जुना आहे. १९७८ मध्ये गॅरी गायगॅक्स यांच्या हिल, फ्रॉस्ट आणि फायर जायंटांवरच्या तीन साहसांत त्या युतीमागे ड्राउ, म्हणजे जमिनीखालचे एल्फ, निघतात. तो वापरलात तर शपथेची गरजच उरत नाही. मला शपथ हवी होती, म्हणून इतका खटाटोप.

क्रमाबद्दल शेवटचं. बोलणं वरून खाली चालतं, शपथ मात्र मी खालून वर घेतो, कारण स्टॉर्मने शब्द दिल्यावर त्यानंतर दुसऱ्या कुणी बोलणं शोभत नाही. त्यामुळे पहिला हिल प्रमुख. त्याला शपथेआधी पोटभर खायला घाला, आणि बैठक चालू असेपर्यंत त्याच्या हाताशी काहीतरी असू द्या. भुकेला हिल जायंट शपथेच्या मधेच उठून जातो, आणि मग ती पुन्हा तळापासून घ्यावी लागते.