हॅल्बर्डची प्रतिकृती: पात्याची जाडी, नळी आणि दांडा

हॅल्बर्ड म्हणजे लांब दांड्याचं जुनं युरोपीय शस्त्र. त्याची प्रतिकृती फोटोत जवळजवळ नेहमीच बरोबर दिसते. कुऱ्हाडीचं पातं आहे, वर भाल्यासारखं टोक आहे, मागे आकडी आहे, बाह्याकृती जुळते. फसगत होते ती फोटोत न दिसणाऱ्या जाडीत आणि जोडात. त्यामुळे पंधराव्या शतकातल्या स्विस धाटणीच्या या नगाचं परीक्षण आकारापासून न करता व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) आणि वजनकाट्यापासून सुरू केलं. आतापर्यंतचं काम असं.

मोजमाप

एकूण लांबी 2.18 मीटर, वजन 2.93 किलो. दांडा आडवा धरून दोरीवर तोलला तर तोलबिंदू बुडापासून 1.51 मीटरवर. पात्याची जाडी नळीजवळ (म्हणजे दांडा ज्या पोकळ भागात बसतो त्याच्याजवळ) 5 मिमी, मध्यावर 5 मिमी आणि धारेच्या जेमतेम एक सेंटिमीटर आधीही 5 मिमी. सगळा दोष या तीन आकड्यांत आहे. हे पातं घडवलेलं नाही. सपाट पत्र्यातून कापून फक्त कडेला उतार काढला आहे.

अस्सल पातं नळीपाशी जाड असतं आणि धारेकडे पातळ होत जातं, कारण लोहार ऐरणीवर धातू बाहेरच्या बाजूला ओढत नेतो. या पात्याचं क्षेत्रफळ साधारण 300 चौरस सेंमी आहे. 5 मिमी सपाट पत्र्याचं त्याचं वजन 1.18 किलो होतं. तेच 4.5 वरून 1.8 मिमीपर्यंत उतरत नेलं तर पाऊण किलोच्या आत येतं. म्हणजे चारशे-साडेचारशे ग्रॅम फुकटचं पोलाद, तेही दोन मीटर लांब काठीच्या टोकाला. हातात घेतल्यावर प्रतिकृती मठ्ठ वाटते ती यामुळे. विक्रेत्याला फक्त ‘वजन किती’ विचारू नका. पात्याची जाडी तीन ठिकाणी मोजून मागा. तो देत नसेल तर पातं सपाट आहे असं धरून चाला.

तुलनेसाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची ऑनलाइन सूची उपयोगी आहे, शस्त्रांची लांबी आणि वजन बहुधा दिलेलं असतं. मात्र संग्रहालयातल्या अनेक हॅल्बर्डचे दांडे नंतर बदललेले असतात. तेव्हा एकूण वजनावर विसंबू नका, डोक्याची मापं बघा.

काळ जुळतो का

चौदाव्या शतकातल्या, म्हणजे मॉरगार्टन (1315) आणि सेंपाख (1386) या लढायांच्या काळातल्या हॅल्बर्डला नळी नसते. पात्याच्या मागच्या कडेला दोन नेढी असतात आणि दांडा त्यांतून ओवलेला असतो, आपल्या कुऱ्हाडीला एक नेढं असतं तसा. पंधराव्या शतकात नळी आली आणि आकडी डोक्याचाच भाग झाली. सोळाव्या शतकात धार चंद्रकोरीसारखी आत वळली, पात्यात नक्षीची भोकं आली आणि शोभेचे नमुने वाढले. नळी, आत वळलेली धार, भोकांची नक्षी आणि वर ‘चौदावं शतक’ अशी चिठ्ठी असलेला नग संग्रहासाठी घेऊ नये, मग काम कितीही सफाईदार असो. आपला नग सरळ धारेचा, नळीचा आणि बिनभोकांचा आहे. इथे तक्रार नाही.

दांडा सुटा केल्यावर

लाकडी हातोडीने डोक्यावर टकटक केल्यावर बद्द आवाज आला तेव्हाच शंका होती. स्क्रू काढून डोकं उतरवलं तर नळीत दांडा जेमतेम 6 सेंमी गेलेला आणि उरलेली पोकळी इपॉक्सी गोंदाने भरलेली. नळी म्हणजे तयार पाइपचा तुकडा, पात्याला बाहेरून वेल्ड केलेला. नळीत टॉर्च मारून पाहिलं की हे लगेच कळतं: आतली भिंत सरळ, एकसारख्या जाडीची असते. घडवलेली नळी आतून निमुळती असते आणि तिची शिवण दिसते. पाइपमध्ये दांडा पाचरीसारखा घट्ट बसू शकत नाही, म्हणून कारागीर गोंद ओततात. पुढे लाकूड आकसतं, गोंद आकसत नाही, आणि डोकं हलायला लागतं.

दांडा गोल, 35 मिमी. हा दोष दिसतो त्यापेक्षा गंभीर आहे. गोल दांड्यावर धार कुठल्या दिशेला आहे हे हाताला कळत नाही. मूळ दांडे बहुधा चौकोनी आणि कोपरे तासलेले किंवा अष्टकोनी असत. शिवाय इथे लाकडाच्या तंतूंची रेषा मध्यावर तिरकी होऊन काठीबाहेर पडते. वीस सेंमी लांबीत रेषा एक सेंमीपेक्षा जास्त सरकत असेल तर दांडा नाकारावा, तो त्याच रेषेवर मोडतो.

लँगेट, म्हणजे डोक्यापासून दांड्यावर उतरणाऱ्या पट्ट्या, 30 सेंमी लांब, 1.5 मिमी जाड आणि आधुनिक फुली-खाचेच्या स्क्रूने बसवलेल्या. वारापासून दांडा वाचवायला त्या असतात. इतकी पातळ पट्टी हाताने वाकते.

दुरुस्ती, आतापर्यंत

पातं दोन्ही बाजूंनी ग्राइंडरवर उतरवलं. चार-पाच फेऱ्यांनंतर पाण्यात बुडवायचं, हाताला सोसवेल इतपतच गरम होऊ द्यायचं. पोलादावर निळा रंग चढला तर तापमान 300 अंशांच्या आसपास गेलं आणि तिथला कडकपणा उतरला असं समजा. शेवटचा अर्धा मिमी कानशीने काढला. आता जाडी 4.5 ते 1.8 मिमी आहे आणि 430 ग्रॅम कमी झाले. धार बोथटच ठेवली आहे.

दांड्यासाठी अ‍ॅश हेच युरोपातलं रूढ लाकूड. आपल्याकडे धावडा सहज सुचतो आणि कुऱ्हाडीला तो उत्तमही आहे, पण या मापाचा अ‍ॅशचा दांडा सुमारे 1.05 किलो भरतो, धावड्याचा 1.35 च्या वर जातो. बाभूळही टाळली. तिच्यातलं टॅनिन लोखंडाला लागून काळे डाग पडतात.

32 मिमी चौकोनाचा अष्टकोन करताना प्रत्येक कडेपासून 9.4 मिमीवर रेघ मारायची आणि रंध्याने रेघेपर्यंत कोपरे काढायचे. नळीत जाणारा भाग 14 सेंमी, निमुळता. नळीला आतून काजळी लावून दांडा दाबायचा, काळा डाग पडेल तेवढंच खरवडायचं. पाइपची नळी निमुळती करायला ती तापवून मँड्रेलवर, म्हणजे आत घालायच्या निमुळत्या लोखंडी गजावर, ठोकावी लागली. वेल्डवर ताण येतो, घाई केली तर शिवण उकलते.

दांडा कोरड्या दिवसांत, ओलावा 12 टक्क्यांच्या आत असतानाच बसवा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात घट्ट बसवलेला दांडा हिवाळ्यात सैल होणारच. उलटही धोका आहे: फार आवळून बसवलेलं लाकूड पावसात फुगतं, लोखंड त्याला जागा देत नाही, तंतू चिरडतात आणि सुकल्यावर आधीपेक्षा जास्त ढिलाई येते. म्हणून शेवटची बसवण हाताच्या जोरावर आणि दोन-तीन हलक्या टोल्यांवर थांबवली.

नवीन लँगेट 45 सेंमी, 20 मिमी रुंद, 2.5 मिमी जाड. दोन्ही पट्ट्यांतून आरपार 4 मिमी रिव्हेट, बाहेर 6 मिमी टोक राखून. भोकं एका रेषेत पाडू नका, आलटून-पालटून डावी-उजवीकडे ठेवा, नाहीतर लाकूड त्याच रेषेवर फाटतं. रिव्हेट जास्त ठोकला तर तो आत फुगून तेच घडवतो.

नवीन आकडे: वजन 2.67 किलो, तोलबिंदू 1.46 मीटर. लँगेट जड झाले तरी ते टोकापासून खाली असल्याने तोल बुडाकडे पाच सेंमी सरकला. हातात फरक लगेच जाणवतो, आणि याच फरकासाठी एवढा खटाटोप.

इतर प्रकारांबद्दल थोडं

पोलॅक्सचं (लांब दांड्याच्या लढाऊ कुऱ्हाडीचं) डोकं मुळात सुट्या भागांचं, आडव्या खिळीने एकत्र धरलेलं असतं. प्रतिकृतीत ते एकसंध ओतीव असेल तर खोट्या खिळीचं डोकं उठावदार दिसतं पण दुसऱ्या बाजूला आरपार जात नाही. बिल या लांब दांड्याच्या आकडीदार शस्त्राची आकडी ही कुंपण छाटायच्या कोयत्यातून आलेली, त्यामुळे तिची आतली कडा धारेचीच हवी. चौकोनी कापलेली कडा म्हणजे पुन्हा तोच सपाट पत्रा.

बाकी काम

बुडाला लोखंडी शेंबी बसवायची आहे. दांड्याला उकळवलेल्या जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात, प्रत्येकी एक दिवसाच्या अंतराने. तेलाची फडकी चुरगळून ठेवू नका, ती आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका. पावसाळा उलटल्यावर नळीतली ढिलाई फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून पुढची नोंद.