चौथ्या दोरीवाल्यापाशी डावीकडे

बुधवार, रात्री साडेदहा

आज जेवणाच्या बाबतीत अक्षरशः माती खाल्ली. रात्रभर बसमध्ये मान अवघडून सकाळी बडोद्याला उतरले, दिवसभर ऑडिटच्या फायली, आणि संध्याकाळी इतकी दमलेले की फोन उघडला आणि जवळपास साडेचार स्टारवालं जे पहिलं दिसलं तिथे जाऊन बसले. काचेचं दार, एसी, भिंतीवर बैलगाडीचं चाक ठोकलेलं. ते चाक बघूनच उठायला हवं होतं खरं तर. सेवउसळ मागवली. आली ती पांढऱ्या बाऊलमध्ये, कोमट, शेव आधीच आत बुडून मेलेली, आणि गोड. मी नाशिकची बाई, तर्रीवर वाढलेली, दोन घासात समजलं की हे काही आपलं काम नाही. वेटरने येऊन विचारलं कैसा है मॅडम, तर म्हणलं छान है. का म्हणतो आपण असं काय माहीत.

उद्या चालणार. बास.

गुरुवार, रात्री अकरा वाजून गेलेत, पाय गरम पाण्यात

अनोळखी गावात खायचं तर माझं एक ठरलेलं आहे, काल ते मोडलं म्हणून शिक्षा झाली. एक म्हणजे पायी फिरायचं, रिक्षातून वास येत नाहीत. आणि दुसरं, "इथे चांगलं काय मिळतं" असं कुणालाही विचारायचं नाही, कारण असं विचारलं की माणूस पाहुण्याला जे सांगायचं असतं ते सांगतो. बडोद्यात तर सगळे एका सुरात सांगतात, कीर्तिस्तंभाजवळचं महाकाली, सेवउसळीसाठी. असेलच चांगलं, पण तिथे मला कोणीही पाठवेल, त्यासाठी चपला झिजवायला नकोत. मी विचारते, तुम्ही आज काय खाल्लं आणि कुठे? सोलापूरला एसटी स्टँडवरच्या एका हमालाला हे विचारलं होतं, त्याच्या उत्तरावर मी जी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली ती अजून विसरले नाहीये. दरवेळी जमतंच असं नाही हां, एकाने सांगितलं होतं, घरून डबा आणलाय.

साडेपाचला ऑफिस सुटलं आणि सयाजीगंजातून निघाले. काळा घोडा, पुढे विश्वामित्रीचा पूल. या नदीत मगरी आहेत, भर शहरात, खोटं नाही सांगत, पुलावर दोनचार जण वाकून बघत होते म्हणून मीही वाकले, मगर काही दिसली नाही, वास मात्र आला, खाण्याचा नव्हे. मग कोठी, मग रावपुरा. जानेवारीचा पहिला आठवडा आहे म्हणजे उत्तरायण (आपली संक्रांत, इथे पतंगांचा सण) तोंडावर, सगळीकडे पतंग, चिक्की, आणि लारीवर (हातगाडीला इथे लारी म्हणतात, मराठी माणसंसुद्धा) ओल्या लसणाच्या आणि पातीच्या कांद्याच्या जुड्या. रावपुऱ्यात पाव किलो लीलो चेवडो घेतला. मी इतकी वर्षं समजत होते की लीलो म्हणजे हिरव्या रंगाचा, तर चिवड्याच्या बाबतीत तसं नाही, इथे लीलो म्हणजे ओला, ताजा. बटाट्याचा कीस, हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, आंबटगोड, आणि चक्क मऊ. चिवडा मऊ लागला की आपण डबा उघडा कोणी ठेवला म्हणून घरात भांडतो, इथे तो मऊ असण्याचेच पैसे देतात. पहिल्या मुठीला तोंड वाकडं झालं, सूरसागर येईपर्यंत अर्धी पिशवी संपली होती. भाकरवडीपण होती, पण ती पुण्याची खरी की बडोद्याची या भानगडीत आम्ही नाशिककर पडत नाही, दोन्हीकडची खातो.

न्यायमंदिर, लहरीपुरा दरवाजा, आणि आत जुनं शहर. मधोमध मांडवी आणि चार दिशांना चार दरवाजे, त्यामुळे हरवायचं म्हणलं तरी फार हरवता येत नाही. मांडवीवरून गेंडीगेटकडे वळले आणि तिथे तो रस्ता, अख्खा गुलाबी. पतंगाच्या दोऱ्या रंगवणारे रस्त्याच्या कडेने खांब रोवून बसलेले, एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पांढरा दोरा ताणलेला आणि माणूस मुठीत काचेची भुकटी घातलेला गुलाबी लगदा धरून त्या दोऱ्यावरून चालत जातो, परत येतो, परत जातो, बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली. दिवसभर नुसतं चालणं. म्हणलं या माणसाला भुकेतलं कळत असणार.

पहिल्याला विचारलं, तो घरून जेवून आलेला. दुसरा म्हणाला चहा. तिसऱ्याने ऐकलंच नाही. चौथ्याने हात न थांबवता हनुवटीने डावीकडची पोळ दाखवली. पोळ म्हणजे खायची नव्हे, दोन्हीकडे घरं असलेली बोळवजा गल्ली. आत वीसेक पावलांवर लारी, पिवळा बल्ब, मोठं पातेलं, आणि सात-आठ जण उभे, त्यात दोन शाळकरी पोरं आणि एक पोलीस. पोलीस उभा राहून पैसे देऊन खातोय म्हणजे चांगलंच असणार.

सेवउसळीची प्लेट आली. वाटाण्याची उसळ, पातळ रस, वर पातीचा कांदा भुरभुरलेला, शेव वेगळी, लिंबू, तर्रीचं भांडं समोर ठेवलेलं, हवी तेवढी घ्या. सोबत पाव. मी काय केलं, तर मिसळीला करतो तेच. शेव सगळी ओतली, तर्रीचे तीन चमचे घातले, कालवायला घेतलं, तेवढ्यात शेजारून आवाज, तोही मराठीत.

"अहो अहो, थांबा ने! लगदा करताय का त्याचा?"

सत्तरीच्या काकू, गोल पातळ, कार्डिगन, हातात नातवासाठी घेतलेली फिरकी. दांडियाबाजारातल्या. त्या ओल्या चिवड्याच्या पिशवीवरून म्हणा की तर्री घालण्याच्या घाईवरून म्हणा, मी कुठली ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. म्हणलं, काकू, आमच्याकडे मिसळ अशीच खातात. तर म्हणाल्या, "मग मिसळ खा ने नाशकात जाऊन. ही मिसळ नाहीये."

आणि मग त्यांनी मला शिकवलं, सरळ स्वतःच्या प्लेटवर. आधी नुसता रस, एक चमचा, काहीही न घालता. मग लिंबू. मग तर्री, पण एका कडेला, ढवळायची नाही. शेव एकदम टाकायचीच नाही, घासापुरती चिमूट घ्यायची, वर ठेवायची आणि कुरकुरीत आहे तोवर तोंडात. पाव बुडवून नाही तर तोडून. लारीवाल्याने न सांगता मला दुसरी प्लेट दिली, त्या त्याला गुजरातीत काहीतरी म्हणाल्या आणि दोघं हसले, माझ्यावरच असणार.

तशी खाल्ली आणि खरं सांगते, वेगळीच चीज आहे. मिसळीत सगळं एकमेकात घुसतं, तिखट पुढे आणि बाकी मागे. इथे वाटाणा वाटाणा लागतो, मध्येच कांद्याची पात, मध्येच कडेची तर्री झणकन. काल मी एसीत बसून त्या बाऊलला वाईट मिसळ म्हणून नावं ठेवत होते. वाईट ते होतंच, पण मी मोजत चुकीच्या मापाने होते.

काकू बोलक्या. घरात मराठी आणि दाराबाहेरच्या ओट्यावर गुजराती असं म्हणाल्या, सुना दोन्ही बोलतात आणि नातवंडं तिसरंच काहीतरी. त्यांची आजी म्हणायची म्हणे की उसळ आपली होती, शेव त्यांची, भांडण नको म्हणून एकत्र केली. इतिहास म्हणून याला काडीचा आधार नसेल, पण गायकवाड १७३४ पासून इथे, म्हणजे भांडण मिटवायला वेळ भरपूर होता. मीही मग माझा हुकमाचा पत्ता काढला, म्हणलं तुमचे सयाजीराव आमच्या नाशिक जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातलं कवळाणे, १८७५ साली दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते. काकू शांतपणे म्हणाल्या, "हो, आणि आले तेव्हा त्यांनाही सगळं शिकवावंच लागलं." यावर काय बोलणार!

पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत. नाव विचारायचं राहिलं.

शुक्रवार, बसची वाट बघत

दुपारी लीलवानी कचोरी खाल्ली, ओल्या तुरीच्या दाण्यांची, न्यायमंदिरापाशी उभ्या उभ्या. आपल्याकडे तुरीच्या शेंगा मिठात उकडून सोलत बसतो आणि तेवढ्यावरच खूश असतो, हे लोक दाणे वाटून परतून कचोरीत भरतात. दोन खाल्ल्या, चार बांधून घेतल्या, बॅगेला तेल लागलंय ते उद्या बघू.

ऑफिसमधल्या साहेबांना कालची गोष्ट सांगितली. जन्म बडोद्यातला, वय पंचावन्न, पण ती लारी त्यांना माहीत नाही. जरा दुखावल्यासारखे झाले आणि म्हणाले पत्ता द्या, रविवारी जातो. मी म्हणलं सोप्पंय, मांडवीवरून गेंडीगेटकडे निघायचं, चौथ्या दोरीवाल्यापाशी डावीकडे. त्यांनी डायरीत लिहून पण घेतलं, मग पेन थांबलं. रविवारी जमलं नाही तर पुढच्या आठवड्यात उत्तरायण, आणि त्यानंतर तिथे कुठला दोरीवाला.