किती राहू दे?

मांडवीत नांगरलेल्या एका कॅसिनो बोटीवर मी केजमध्ये काम करतो. केज म्हणजे पैशांची खिडकी. पाहुणे नोटा देऊन चिप्स घेतात ती इथेच आणि खेळून झाल्यावर चिप्स देऊन नोटा घेतात तीही इथेच. रोज संध्याकाळी डिचोलीहून कदंबाच्या बसने पणजीला यायचं, जेटीवरून फीडर बोटीने पलीकडे जायचं, पहाटे परत. ज्यांच्या नोटा मोजतो तो खेळ मी स्वतः कधी खेळलेलो नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या माणसाला कॅसिनोत खेळायला बंदीच आहे, पण त्याआधीही मला त्याची ओढ नव्हती. खिडकीचं काम मात्र मला मनापासून आवडतं, आणि ते मी वडिलांकडून उचललं.

वडील पुण्याला एका छापखान्यात कामाला होते. जुलैत पुण्याचा रेसचा मोसम सुरू झाला की रेसच्या दिवशी कॅम्पातल्या रेसकोर्सवर टोटच्या खिडकीत बसायचे. नोव्हेंबरपासून मोसम मुंबईला महालक्ष्मीला जायचा, तेव्हा आमच्या घरची वरकमाई थांबायची. टोट म्हणजे बुकी नव्हे, हे ते आम्हाला लहानपणीच सांगायचे. बुकी स्वतः भाव देतो आणि तुमच्याविरुद्ध पैसे लावून बसतो. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका पुलात जमतात, त्यातून कर आणि क्लबचा हिस्सा वजा होतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. खिडकीतल्या माणसाला तुमच्या जिंकण्या-हरण्याचं काही मिळत नाही. तरीही लोक त्यांच्या हातात नोट कोंबून विचारायचे, “साहेब, कोणता चालेल?” वडील नोट परत द्यायचे. घोड्याची बातमी तबेल्यात असते, खिडकीत नसते.

त्यांच्या काळी तिकीट विकणारी खिडकी वेगळी आणि पैसे देणारी वेगळी होती. वडील विकणाऱ्या खिडकीत. रेस सुटायला चार-पाच मिनिटं उरली की सगळी गर्दी तिथे कोसळायची. कोणी घोड्याचं नाव घेतो, कोणी जॉकीचं. क्लार्कला हवा असतो रेसचा नंबर, विन (घोडा पहिला येणार) की प्लेस (पहिल्या काहींत येणार), घोड्याचा नंबर आणि रक्कम, त्याच क्रमाने. एक नंबर चुकला की समोरचा माणूस आयुष्यभर तुमचं नाव काढणार. टिप मात्र मिळायची पलीकडच्या खिडकीला. डिव्हिडंड, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारी रक्कम, दहा रुपयांवर लागतो. विनवर पन्नास लावले आणि दहाला चौतीस लागले तर हातात येतात १७०. जिंकलेला माणूस खुशीत असतो, वरची एखादी दहाची नोट सरकवून “राहू दे” म्हणतो आणि चालू लागतो. ज्याने घाईत, घामाघूम होऊन त्याचं तिकीट बिनचूक काढलं, त्याच्या खिडकीकडे कोणी वळूनही बघत नाही. वडिलांनी याची तक्रार कधी केली नाही, पण सांगितलं मात्र अनेकदा.

मोसमात कधी त्यांना पैसे देणाऱ्या खिडकीत बसवलं, तर तिथे त्यांची एक सवय होती. कोणी “राहू दे” म्हटलं की ते उलट विचारायचे, “किती राहू दे?” १७० मधले दहा की सत्तर, हे समोरच्याने तोंडाने सांगितल्याशिवाय ते नोटेला हात लावायचे नाहीत. मागची माणसं खोळंबायची, शेजारचे क्लार्क वैतागायचे. यांचं उत्तर ठरलेलं. बोलून दिलेली टिप, न बोलता राहिलेले पैसे गिऱ्हाइकाचे.

आता माझ्या खिडकीची गोष्ट. शनिवारची रात्र होती, श्रावणातला धो धो पाऊस. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवड्यावर आलेली. दीडच्या सुमारास पुण्याचे एक काका आले. सत्तरीच्या पुढचे, पांढरा शर्ट, खिशाला पेन. रुलेटवर, म्हणजे चाक आणि गोळीच्या खेळावर बसून आलेले. चिप्स खिडकीत ठेवताना त्यांनी आपणच रंगाप्रमाणे वेगवेगळ्या लावून दिल्या. असं करणारा माणूस शंभरात एखादा. मी चिप्स पसरल्या, रकमेप्रमाणे उभ्या केल्या, मोठ्याने आकडा सांगितला, “काका, अठरा हजार पाचशे.” त्यांनी मान हलवली. नोटा मशीनमधून काढून कॅमेऱ्याखाली पुन्हा हाताने मोजल्या आणि दिल्या. त्यांनीही खिडकीसमोर उभं राहूनच मोजल्या. हे सगळ्यांनी करावं असं मला फार वाटतं. खिडकी सोडल्यावर कमी निघाले, तर तुमच्या शब्दाला आणि माझ्याही शब्दाला काही अर्थ राहत नाही.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून पाच हजारांची आणखी एक चिप काढली, काउंटरवर ठेवली आणि दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली. काहीतरी बोलले. मागे स्टेजवर गाणं चाललेलं, ढोलकीचा ठेका टिपेला पोचलेला. मला एकच शब्द ऐकू आला, “पाच”. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, नातू धावत आला, “आजोबा, फीडर सुटतेय, चला,” आणि ते त्याच्या हाताला धरून जिन्याकडे गेले. माझ्यासमोर लगेच दुसरा पाहुणा. एंट्रीच्या पॅकेजात मिळालेल्या चिप्सचे रोख पैसे का मिळत नाहीत म्हणून तो भांडत होता. त्या चिप्स फक्त खेळायच्या असतात, वटवता येत नाहीत. त्याची समजूत घालण्यात पाच मिनिटं गेली. वळून बघतो तर चिप तिथेच, एकटी.

टिपचा आमच्या बोटीवरचा रिवाज असा. पाहुण्याने टिप म्हणायचं. आपण चिप काउंटरवर दोनदा ठोकायची, कॅमेऱ्याला दाखवायची आणि समोरच्या पारदर्शक पेटीत टाकायची. टेबलावर खेळ चालवणारे डीलरही तेच करतात. पेटीतलं नंतर सगळ्यांत वाटलं जातं. हातात हात घालून दुमडलेली नोट देणारे पाहुणे मनाने चांगले असतात, पण त्यांना कल्पना नसते की ती नोट घेणाऱ्याची त्या दिवशी नोकरी जाऊ शकते. डीलर टेबल सोडताना दोन्ही तळवे वाजवून, उलटसुलट करून दाखवतो ना, ते हात रिकामे आहेत हे कॅमेऱ्याला दाखवण्यासाठी. द्यायचंच असेल तर उघड द्या, तेही पैसे हातात आल्यावर. खेळायच्या आधी दिलेल्या टिपेने नशीब बदलत नाही, आणि हरलेल्या माणसाकडून कोणी टिपेची अपेक्षा ठेवत नाही. निदान ठेवू नये.

मी सुपरवायझरना बोलावलं. ते म्हापशाचे. “कितें जालें?” मी सांगितलं. त्यांनी वर सर्व्हेलन्सला फोन केला. कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. काकांनी चिप काढली, माझ्याकडे सरकवली आणि निघून गेले. पण कॅमेऱ्याला आवाज नाही.

“सरकवली म्हणजे टिपच,” शेजारच्या खिडकीतला सहकारी म्हणाला. त्याच्या मागे आणखी दोघं-तिघं जमले. कोणाच्याही डोळ्यांत लबाडी नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. चवथीच्या खर्चाचे दिवस होते. गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीपासून फटाक्यांपर्यंत सगळं घ्यायचं, आणि पाऊस असा की महिनाभर पेटी निम्मीच भरत होती. पाच हजार सगळ्यांत वाटले तर माणशी फारसं येत नाही, तरी पेटीत एक मोठी चिप दिसली की रात्र बरी गेली असं वाटतं.

सुपरवायझरनी मला विचारलं, “ते टिप म्हणाले?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हटलं असतं तर चिप पेटीत गेली असती आणि विषय तिथेच संपला असता. “पाच” ऐकलं होतं, त्याचा तो अर्थ काढणं अवघड नव्हतं. पाच तुम्हाला ठेवा, असंही ते म्हणाले असतील. मला वडिलांची ती दहा रुपयांची नोट आठवली.

“पाच म्हणाले एवढंच ऐकू आलं. टिप म्हणाल्याचं मी ऐकलं नाही.”

चिप पाकिटात गेली. पाकिटावर वेळ, माझी सही, सुपरवायझरची सही. शेजारच्या सहकाऱ्याने उरलेली रात्र माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. पहाटे जेटीवर चहा पितानाही तो दुसऱ्या बाकावर बसला. मला त्याचा राग आला नाही, वाईट मात्र वाटलं. त्याच्या घरी लहान मूल होतं आणि भाड्याची खोली.

काकांचं दोन रात्रींचं पॅकेज होतं. रविवारी साडेनऊलाच ते आले आणि सरळ माझ्या खिडकीशी.

“काल माझे सुट्टे राहिले.”

“सुट्टे?”

“पाच हजारांची चिप दिली होती. म्हटलं, पाच कर. हजार-हजाराच्या पाच. फोन आला आणि विसरलोच. हॉटेलवर गेल्यावर आठवलं.”

मी पाकीट मागवलं. त्यांनी त्यावरच्या सह्या वाचल्या, वेळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मी हजाराच्या पाच चिप्स मोजून पुढे ठेवल्या. एवढ्या रात्री सुट्टे कशाला हवे होते, हे विचारायचा मला अधिकार नव्हता, पण तोंडून निघून गेलं.

“त्या रुलेटवरच्या मुलीला द्यायचे होते,” ते म्हणाले. “दोन तास ती माझा प्रत्येक आकडा न चुकता लावत होती. मला ऐकू कमी येतं, मी मोठ्याने बोलतो, मध्येच आकडा बदलतो. एकदाही तिने कपाळाला आठी घातली नाही. खिशात सगळ्या मोठ्या चिप्स. म्हटलं सुट्टे करून आणतो, तर राहूनच गेलं.”

मग जरा थांबून म्हणाले, “मी पुण्याला रेसला जायचो. तिथेही माझी हीच रीत. पैसे देणाऱ्या खिडकीला सगळेच देतात हो. मी जिंकलो की तिकीट काढलेल्या खिडकीकडे परत जायचो.”

मला क्षणभर पुढे काही बोलता येईना. आमच्या घरात जेवताना इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्या खिडकीकडे परत कोणी येत नाही. मी त्यांना वडिलांबद्दल सांगितलं. छापखाना, विकणारी खिडकी, रेस सुटायच्या आधीची गर्दी. कोणत्या बाजूची खिडकी, कोणती वर्षं, असं दोघांनी ताडून बघितलं. जुळलं नाही. ते बसायचे त्या बाजूला वडील कधी नव्हते. काका म्हणाले, “असू दे. तिथे बसणाऱ्यांतलेच ना.”

ती मुलगी सिक्कीमची. त्या रात्री तिची ड्यूटी अंदर-बाहर या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर होती. डाव चालू होता. चालू डावात डीलरला हाक मारायची नाही, हे काकांना सांगावं लागलं नाही. ते टेबलापासून चार पावलांवर भिंतीला टेकून उभे राहिले. तिला बदली यायला वीसेक मिनिटं लागली असतील. मी खिडकीतून मान उंचावून मधूनमधून बघत होतो. कोणी त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. बदली आली. तिने तळवे वाजवून दाखवायला हात उचलले, तेव्हा काका पुढे झाले, एक चिप टेबलावर ठेवली आणि ऐकू कमी येणाऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, “टिप. कालची.” आजूबाजूच्या दोन टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. तिने चिप दोनदा ठोकली, वर धरली आणि पेटीत टाकली. मग वाकून नमस्कार केला. हे काही आमच्या रिवाजात नाही.

माझ्या शेजारचा सहकारीही बघत होता. काही बोलला नाही, पण थोड्या वेळाने स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्याने माझ्यापुढे धरलं.

काका उरलेल्या चार चिप्स घेऊन परत आले. “या वटवून दे. आज खेळायचं नाही, गुडघे दुखताहेत.” मी मोठ्याने म्हटलं, “चार हजार,” आणि पाचशेच्या आठ नोटा कॅमेऱ्याखाली मोजून दिल्या. त्यांनी खिडकीसमोरच मोजल्या. एक नोट काढून काउंटरवर ठेवली आणि दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली.

“राहू दे.”

“किती राहू दे, काका?”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “पाचशे,” ते म्हणाले. “टिप.”

मी नोट दोनदा ठोकली, वर धरून कॅमेऱ्याला दाखवली आणि पेटीत टाकली.