तुम्ही विचारलंत म्हणून: सोरोरिटीची यादी मी अजून का सांभाळते

मंडळाच्या गणपतीत विचारतात, पुण्याला लग्नाकार्याला गेलं की विचारतात, आणि परवा नणंदेच्या मुलीनेही विचारलं. कॉलेज सुटून तीसेक वर्षं झाली, मुलं मार्गी लागली, तरी त्या सोरोरिटीचं, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या त्या संघटनेचं, बातमीपत्र तू अजून काढतेस, सदस्यांच्या पत्त्यांची यादी सांभाळतेस, ते कशासाठी? काही जण वर हेही ऐकवतात, "पैसे भरून मिळवलेल्या मैत्रिणी त्या." आजवर मी विषय बदलत आले. आता एकदाचं सांगून टाकते.

हो, वर्गणी भरली, अजूनही भरते. मंडळाचीही भरते, तिथे कुणी हे बोलत नाही. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबांचं इथलं, अमेरिकेतलं काम संपलं आणि आईबाबा ठाण्याला परतले. थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरातल्या त्या सणाच्या सुट्टीत, सगळं कॉलेज रिकामं व्हायचं आणि मला जायला घर नव्हतं. त्या मुलींनी मला आपापल्या घरी नेलं, आजीच्या शेजारी ताटावर बसवलं. वर्गणीच्या पावतीत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"आता फेसबुक आहे की!" हेही नेहमीचंच. ज्यांना सापडायचंय त्या फेसबुकवर सापडतात. बाकीच्यांचं काय? माझ्या यादीत प्रत्येकीच्या नावापुढे दोन रकाने आहेत, कॉलेजातलं आडनाव आणि आताचं. मुलांच्या फ्रॅटर्निटीला दुसरा रकाना लागत नाही. आमच्याकडे लग्न झालं की बाई निम्मी नाहीशी होते, घर बदललं की उरलेली. पाकीट पिवळी चिकटपट्टी लागून परत येतं आणि मग मी फोन लावत बसते. घटस्फोटाची बातमी तर कुणीच पाठवत नाही. एक दिवस ईमेलच्या पत्त्यात जुनं आडनाव परत दिसतं, एवढंच. मी रकाना बदलते आणि त्याच आठवड्यात तिला फोन करते. छापायला नव्हे.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. कप्पा कप्पा गॅमा या सोरोरिटीने १८८२ मध्येच आपलं नियतकालिक सुरू केलं. पाय बीटा फाय या सोरोरिटीच्या बायकांनी १९१२ मध्ये टेनेसीच्या डोंगरात, गॅटलिनबर्गला शाळा काढली, ती वर्षानुवर्षं चालवली, आणि आज तिथे ॲरोमाँट ही हस्तकलेची नावाजलेली शाळा आहे. वर्गणी मागायची तर आधी पत्ते लागतात. ते कुणीतरी जपले होते.

पण खरं कारण सोरोरिटीतलं नाहीच, आईचं आहे.

बाबा गेल्यानंतर आई काही महिने माझ्याकडे राहायला आली होती. जेवणाच्या टेबलावर मी पाकिटांवर पत्ते चिकटवत होते, ती घड्या घालून देत होती. मध्येच ती यादी वाचायला लागली. बोट दोन्ही रकान्यांवरून फिरवत म्हणाली, "आमची अशी कुणी ठेवली असती तर!" आणि पुण्याच्या वसतिगृहातल्या तिच्या खोलीतल्या मैत्रिणीबद्दल बोलायला लागली. दोघी एकाच स्टोव्हवर चोरून चहा करायच्या. आईच्या लग्नाला ती आली होती. तिचं लग्न ठरल्याचं पत्र आलं, त्यानंतर काहीच नाही.

मला वाटलं, एवढं काय, शोधू. वसतिगृहाला फोन केला. जुन्या नोंदवहीत नाव सापडलं, पण पत्ता वडिलांचा, सांगलीतल्या वाड्याचा. वाडा पाडून तिथे इमारत झालेली. आडनाव बदललेलं हे तर ठाऊकच होतं, पण सासरी तिचं नावही बदललं होतं. म्हणजे हातात असलेले दोन्ही शब्द निरुपयोगी. ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून शेवटी एका मुलाचा नंबर मिळाला. त्याला विचारलं, तुमच्या आईचं माहेरचं नाव अमुक अमुक का? तो म्हणाला, "थांबा हं, आत्याला विचारून सांगतो."

तीच होती. सगळं आयुष्य डोंबिवलीत काढलेलं. आई ठाण्यात. मध्ये लोकलची मोजकी स्टेशनं. ती आदल्या वर्षी गेली होती.

आई रडली नाही. तिने विचारलं, "काय ठेवलं होतं गं नाव तिचं?" मी सांगितलं. तिने ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि पुढचं पाकीट घेतलं.

विशीत मी या कामावर सर्वांत जास्त चिडायचे. स्थापनादिनाला वयस्कर बायका यायच्या, छातीवर बिल्ला, हात धरून गाणी म्हणायच्या, आणि मला ते सगळं खोटं वाटायचं. कुणाचा नवरा कुठे डॉक्टर झाला एवढंच त्या सांगतात, असं मी आईला पत्रात लिहिलं होतं. त्या मुलीला आज सांगावंसं वाटतं की त्यांतल्याच एकीने तुझा पत्ता चार वेळा बदलून लिहिला, म्हणून तू सापडलीस. पण तिचं सगळंच चुकलं होतं असं मला म्हणता येत नाही.

कारण यादी आत घेते तशी बाहेरही ठेवते. सप्टेंबर २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या 'क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने छापलं की एका हुशार कृष्णवर्णीय मुलीला सोरोरिट्यांनी नाकारलं. आतल्या काही मुलींना ती हवी होती. माजी सदस्यांनी अडवलं, असं त्या मुलींनीच सांगितलं. माजी सदस्य म्हणजे माझ्यासारख्याच, मासिकं वाचणाऱ्या, वर्गणी देणाऱ्या. कृष्णवर्णीय मुलींनी हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्येच अल्फा कप्पा अल्फा ही आपली सोरोरिटी उभी केली. त्यांच्याकडे पदवीनंतरच्या शाखा आयुष्यभर कामात असतात. आमच्याहून कितीतरी जास्त. माझ्या सोरोरिटीत मात्र मी सोडून जवळजवळ सगळ्या गोऱ्या होत्या. मला का घेतलं, मी आवडले म्हणून की एक सावळा चेहरा फोटोत बरा दिसतो म्हणून? मी कधी विचारलं नाही. आता विचारायचं तर मला घ्यायचं की नाही यावर ज्यांनी मतं दिली त्यांचेच पत्ते माझ्याजवळ आहेत, आणि तरी फोन उचलवत नाही.

नणंदेच्या मुलीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामी, मग तुझ्या आईच्या मैत्रिणींची यादी कर ना, यांची कशाला?" मी म्हटलं, त्यांची करायला उशीर झाला, यांची अजून करता येते. तिला ते पटलं नाही. "ज्यांना घेतलंच नाही, त्यांची कुणी केली?" असं तिने विचारलं. मी गप्प बसले. ऑक्टोबरचा अंक मी काढणार आहे, आणि ती अजून वाद घालतेय.