मायच्या नावातला 'एच' आणि पुण्याचं विमान

विमानात बसणं सोपं आहे. अवघड आहे ते तिकिटावरचं नाव.

बहिणीकडं पुण्याला जायचं म्हणून तालुक्याच्या एका ऑनलाइनवाल्याकडून मी माझं आणि मायचं नागपूर-पुणे तिकीट काढून घेतलं. घरी येऊन पाहतो तर तिकिटावर इंग्रजीत 'शांता' नीट लिहिलेलं, पण आधारच्या इंग्रजी ओळीत 'एच' गायब. तिथं माय कित्येक वर्षांपासून 'सांता' म्हणून नांदते आहे. रेशन दुकानात काही अडलं नाही, म्हणून कोणी पाहिलंच नाही.

तिकीट काढून देणारा ऑनलाइन दुकानदार म्हणाला, "भाऊ, विमान कंपनीले फोन लावा." कंपनीचा फोन आधी गाणं ऐकवतो, मग एक दाबा, दोन दाबा. शेवटी एक बाई बोलली: तिकीट ज्यांच्याकडून काढलं त्यांनाच सांगा. दुकानदार ज्या वेबसाइटवरून तिकीट काढतो ती म्हणे, कंपनीला विचारा. तिथं चॅटवर मी मराठीत रडगाणं लिहिलं, तर उत्तरात पुण्यातली हॉटेलं दाखवली! रद्द करून नवीन काढा, ही दुकानदाराची शक्कल. रद्द केल्यावर किती हाती येतील ते ऐकून माय म्हणाली, "जाऊ दे बाप्पा, रेल्वेनं जाऊ." पण तुरीच्या पैशातून काढलेलं तिकीट एका अक्षरापायी काऊन सोडायचं?

मग आधारच दुरुस्त करू म्हणून केंद्रावर गेलो. रांग बाहेर रस्त्यापर्यंत, त्यात सर्व्हर बंद. तिथंच रांगेतले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "मायचं मतदार कार्ड पाह्यलं का?" पाह्यलं. त्यावर 'एच' होता! विमानतळावर आधारच पाहिजे असं काही नाही. मतदार कार्ड, पॅन, लायसन, पासपोर्ट, यातलं कोणतंही मूळ कार्ड चालतं. एवढं एक वाक्य दुकानदार, कंपनी, वेबसाइट, कोणाच्याच तोंडून निघालं नाही. अजून आठवलं की डोकं फिरतं. तुम्ही जे कार्ड नेणार, ते समोर ठेवूनच नाव टाकायला लावा. दरवाजावरच्या जवानानं तर कार्ड पाहिलं, मायकडं पाहिलं आणि जा म्हणाला. संपलं!

हो, यवतमाळहून येणारी एसटी वर्धा रोडनंच नागपुरात शिरते, विमानतळ त्याच रस्त्यावर आधी लागतं. गणेशपेठ स्टँडपर्यंत जाऊन उलटं येऊ नका. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, तेलाच्या लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत. सुकं खोबरं मोठ्या बॅगेत चालत नाही, ते मायनं न्यायचं ठरवलं होतं, घरीच राहिलं.

धावपट्टीच्या टोकाला विमान वळून थांबलं. मग इंजिन असं गरजलं की पाठ सीटला चिकटली, खिडकीतलं गवत पुसट झालं, आणि खालचा खडखड एकदम बंद. मायनं माझा हात धरला होता, तो सोडून टाळी वाजवली. पोटाखाली धप्प आवाज होतो तो चाकं आत घेतल्याचा, घाबरू नका. वर्धा रोडवरचे ट्रक काडेपेटीएवढे झाले, कपाशीचे पट्टे दिसले, मग सगळं पांढरं. खाली झड लागलेली. आणि ढगाच्या वर आलो तर लख्ख ऊन.

"खाली आठ दिवस उघाड देईना," माय म्हणाली, "अन् ऊन सारं इथं दडवून ठेवलं व्हय!"

पुढचा तासभर तिनं खिडकीवरून मान हलवली नाही. उतरताना कान दडतात, आवंढे गिळा किंवा सुपारी चघळा.

परतीचं तिकीट मी स्वतः मोबाइलवरून काढलं, मतदार कार्ड मांडीवर ठेवून. खिडकीच्या सीटचे जास्तीचे पैसे लागले. दिले. नाहीतर माय बसलीच नसती.