फ्रेम काढल्यावर काच फुगली तेव्हा

सांगलीत माझं फिशटँकचं दुकान आहे, टाक्या मी स्वतः चिकटवतो. मागच्या महिन्यात मिरजेचा एक कॉलेजचा पोरगा छोटा हत्तीत टाकी घालून आला, 3 फूट लांब, दीड फूट उंच, वरखाली काळी प्लास्टिकची फ्रेम. म्हणतो दादा, ही काढून रिमलेस करून द्या, आत झाडं लावायचीत.

काच मोजली तर 6 मिमी. म्हटलं भावा, दीड फूट पाणी भरलं की पुढच्या काचेवर 90 किलोच्या आसपास जोर येतो, आणि वरची कड या फ्रेमनंच धरलेली असते, जपानची एडीए कंपनी जवळपास याच मापाची बिनफ्रेमची टाकी 10 मिमीत बनवते. त्याला काय पटेना. मग म्हटलं चल, डोळ्यानंच बघ.

मागच्या अंगणात फ्रेमखालचं सिलिकॉन (काच चिकटवायचा रबरासारखा गोंद) ब्लेडनं कापून फ्रेम काढली, पाइप लावून हळूहळू पाणी भरलं आणि समोरच्या काचेच्या वरच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी टेकवली, तर पट्टी मधेच टेकली आणि दोन्ही कोपऱ्यांकडे फट! काच बाहेर फुगलेली. पोरगा गपगार झाला आणि मी लगेच पाणी सोडून दिलं, कारण अशी काच आज नाही फुटली तरी उद्या मध्यरात्री घरात 150 लिटर पाणी सांडेल आणि त्या घरात लहान पोरं असतील.

पण त्याचं मन मोडवेना मला. टाकी सुटी केली, चारी उभ्या काचा 1 फुटावर कापल्या (टफन, म्हणजे तापवून कडक केलेली काच असती तर कापताच आली नसती), कडा पॉलिश करून आणल्या. खरा वेळ गेला तो जुनं सिलिकॉन खरवडण्यात, ब्लेड, मग अ‍ॅसिटोन, परत ब्लेड, कारण जुन्यावर नवीन धरतच नाही आणि इथं घाई करणाऱ्याची टाकी गळणारच. चिकटवायला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन घेतलं, बाथरूमचं बुरशीनाशकवालं अजिबात नको, माशांना विष आहे ते. आठवडाभर सुकू दिलं.

खाली थर्माकोल घालून भरली, जोर 90 वरून 40 किलोवर आलेला, पट्टी लावली तर फट जवळपास दिसेनाच. पोरगं खूश, आता व्हॅलिसनेरिया, ते लांब पानांचं पाणझाड, लावू का विचारतंय. म्हटलं नको रे, एवढ्या कमी पाण्यात ती पानं वर लोळतील आणि खाली उजेडच जाणार नाही, बुटकी क्रिप्टोकोरीन लाव.